टाकी भरली की वाजणारा अलार्म: बॅटरीवरचं पहिलं सर्किट

मुंबईत पालिकेचं पाणी ठरलेल्या वेळी येतं. कुणाकडे पहाटे, कुणाकडे संध्याकाळी. नळ सोडायचा, पिंप भरायला लावायचं आणि तेवढ्यात डबे, दूध, पोरांची शाळा. लॉफ्टवरची टाकी भरून वाहायला लागलीय हे कळतं तेव्हा भिंतीवरून ओघळ आलेला असतो, नाहीतर खालच्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या असतात. ठाणे, पालघर, नाशिककडच्या धरणांतून एवढ्या लांबून आलेलं पाणी मोरीतून वाहून जातं, याची हळहळ वेगळीच.

इलेक्ट्रॉनिक्स शिकायला सुरुवात करणाऱ्याला मी म्हणूनच हे सर्किट आधी करायला सांगतो. लुकलुकणारे दिवे करून बघायला मजा येते, पण आठवड्यात ते ड्रॉवरमध्ये जातात. टाकीचा अलार्म घरात रोज लागतो, त्यामुळे तो बिघडला तर दुरुस्त करावाच लागतो, आणि खरं शिकणं त्या दुरुस्तीत होतं. आठवी-नववीतल्या मुलांना सहज जमेल. सोल्डरिंग करताना मात्र मोठं माणूस शेजारी हवं.

कामाला लागण्याआधी एक प्रश्न मनात पक्का करून ठेवा: अलार्म गप्प आहे, म्हणजे नेमकं काय? टाकी अजून भरली नाही, की बॅटरी संपली, की वायर तुटली? तिन्ही वेळा तो सारखाच गप्प असतो. आणि अलार्म आहे म्हटल्यावर आपण टाकीकडे बघणं सोडून देतो. म्हणजे बंद पडलेला अलार्म हा अलार्म नसण्यापेक्षा वाईट. पुढे मी जिथे जिथे एखादं जास्तीचं बटण किंवा एखादी जास्तीची तपासणी सांगेन, तिथे कारण हेच असेल.

सर्किट काय करतं

नळाच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात, म्हणून त्यातून थोडा करंट वाहतो. थोडा म्हणजे अगदीच थोडा. दोन स्टीलचे स्क्रू दोन सेंटीमीटर अंतरावर पाण्यात बुडवले, तर त्यांच्यामधला रोध साधारण काही हजार ते काही दहा हजार ओहम भरतो. एवढ्या वाटेने येणाऱ्या करंटवर बझर नीट वाजत नाही. मध्ये ट्रान्झिस्टर घातला की काम होतं. त्याला तीन पाय असतात: बेस, कलेक्टर आणि एमिटर. त्याच्या बेसमध्ये शिरलेल्या लहानशा करंटच्या शेकडो पट करंट तो कलेक्टरमधून एमिटरकडे जाऊ देतो.

आकडे मांडून बघू. पाण्याचा रोध ४० किलोओहम धरला आणि बेसला १० किलोओहमचा रेझिस्टर जोडला, तर एकूण ५० किलोओहम. ९ व्होल्टमधले सुमारे ०.७ व्होल्ट बेस-एमिटर जोडावर पडतात, उरले ८.३. भागाकार केला की ०.१६ मिलिअँपिअरच्या आसपास येतं. ट्रान्झिस्टरची गेन, म्हणजे बेस करंटच्या किती पट करंट तो जाऊ देतो तो आकडा, २०० असेल तर कलेक्टरमधून ३० मिलिअँपिअरच्या वर जाऊ शकतील. बझर आणि एलईडी मिळून सुमारे २० घेतात. म्हणजे भागलं.

पाणी नसताना बेसला काहीच मिळत नाही, ट्रान्झिस्टर बंद राहतो आणि बॅटरीतून जवळजवळ शून्य करंट जातो. नुसत्या पहाऱ्यात बॅटरी खर्चच होत नाही. जी खर्च होते ती वाजण्यात, आणि पडून पडून जुनी होण्यात.

बॅटरीच का, मोबाईलचा जुना चार्जर का नाही, असं हमखास विचारलं जातं. कारण या सर्किटच्या दोन वायर पाण्यात जातात, आणि त्या पाण्याला, नळाला आपण ओल्या हाताने शिवतो. स्वस्त किंवा खराब झालेल्या चार्जरमध्ये २३० व्होल्टची बाजू आणि ५ व्होल्टची बाजू यांच्यातला अडसर धड असेलच याची खात्री नसते. ९ व्होल्टच्या बॅटरीने शॉक बसत नाही. पाण्याशी खेळणाऱ्या सर्किटला भिंतीतली वीज लावायची नाही, यात सूट नाही.

लॅमिंग्टन रोडची चिठ्ठी

ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरलं की चालत थोड्या अंतरावर लॅमिंग्टन रोड, इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचा बाजार. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असं नाव दिसेल. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. काउंटरवर गर्दी असते आणि समोरच्या माणसाला वेळ नसतो, म्हणून सामान कागदावर लिहून न्या. माझी चिठ्ठी अशी असते:

बीसी५४७ ट्रान्झिस्टर, ४ नग. लागतो एकच, पण दोन-चार रुपयांच्या वस्तूसाठी परत लोकल पकडायची नाही. नावाच्या शेवटी बी किंवा सी अक्षर असलेला मागा. बीची गेन २०० ते ४५०, सीची ४२० ते ८००. ए असेल तर ती ११० पर्यंत खाली असू शकते.

ॲक्टिव्ह बझर, ९ किंवा १२ व्होल्टवर चालणारा. इथे दुकानदार उलट विचारेल, "ॲक्टिव्ह की पॅसिव्ह?" ॲक्टिव्हच्या आत आवाज काढणारं सर्किट असतं, बॅटरी लावली की तो वाजतो. पॅसिव्हला बॅटरी लावली तर नुसतं एकदा टक् होतं. दोन्ही दिसायला सारखे असतात, म्हणून काउंटरवरच लावून दाखवायला सांगा. कुणी नाही म्हणत नाही.

रेझिस्टर पाव वॉटचे: १ किलोओहम (तपकिरी-काळा-लाल), १० किलोओहम (तपकिरी-काळा-नारिंगी), १०० किलोओहम (तपकिरी-काळा-पिवळा), प्रत्येकी पाच. चौथा पट्टा सोनेरी असतो, तो ५ टक्के फरकाचा.

याशिवाय लाल एलईडी, ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि तिची स्नॅप (बॅटरीवर बसणारी वायरची टोपी), एक स्लाइड स्विच, एक पुश बटण, ०.१ मायक्रोफॅरॅडचा सिरॅमिक कपॅसिटर (अंगावर १०४ छापलेलं असतं), ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता सर्किट जोडून बघायचा भोकांचा बोर्ड), सिंगल स्ट्रँड हुकअप वायर, झिरो पीसीबीचा (पक्कं सोल्डर करायच्या भोकांच्या बोर्डाचा) छोटा तुकडा आणि टाकीपर्यंत पुरेल एवढी दोन तारांची लवचिक वायर. ब्रेडबोर्ड आणि हत्यारं सोडली तर सगळं शे-दीडशेच्या आसपास बसतं. साधा पिवळा मल्टिमीटर नसेल तर तोही घ्या. त्याच्यावर ट्रान्झिस्टर खोचायची गोल खाच असलेला बघून घ्या, तिथे बीसी५४७ ची गेन थेट मोजता येते.

ब्रेडबोर्डवर, एकेक पायरी

ब्रेडबोर्डच्या मधल्या भागात पाच-पाच भोकं आतून जोडलेली असतात. मधल्या खोबणीपलीकडची पाच वेगळी. कडेच्या लांब रांगा बॅटरीच्या प्लस-मायनससाठी. लांब बोर्डांवर कधी कधी ही कडेची रांग मध्यावर तुटलेली असते. लाल रेघ मध्ये खंडित दिसली तर तिथे वायरचा तुकडा लावून जोडून घ्या.

सगळं एकदम जोडून मग स्विच दाबायचा नाही. प्रत्येक पायरीला काहीतरी पेटलं किंवा वाजलं पाहिजे, तरच पुढे.

पहिली पायरी: प्लसपासून १ किलोओहम, त्यातून एलईडीचा लांब पाय, आखूड पाय मायनसला. लाल एलईडी स्वतःवर सुमारे २ व्होल्ट घेतो, उरलेले ७ व्होल्ट १ किलोओहमवर, म्हणजे ७ मिलिअँपिअर. छान पेटतो. रेझिस्टरशिवाय थेट लावला तर एलईडी जळू शकतो.

दुसरी: बझर थेट बॅटरीला लावून वाजवा. प्लसची खूण वरच्या बाजूला असते.

तिसरी पायरी जरा सावकाश करा. बीसी५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली. डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. (२एन३९०४ हातात आला तर हाच क्रम उलटा असतो: एमिटर, बेस, कलेक्टर.) तिन्ही पाय तीन वेगळ्या रांगांत खोचा. एमिटर मायनसला. बझरचा प्लस बॅटरीच्या प्लसला, बझरचा मायनस कलेक्टरला. एलईडी आणि त्याचा १ किलोओहम बझरला समांतर, म्हणजे आखूड पाय आता मायनसऐवजी कलेक्टरला. बेसपासून १० किलोओहम, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला एक मोकळी वायर. दुसरी मोकळी वायर बॅटरीच्या प्लसपासून. बेस आणि एमिटर यांच्यामध्ये १०० किलोओहम.

दोन्ही मोकळ्या वायरची टोकं एकमेकांना टेकवा. वाजलं पाहिजे.

वायर अशा थेट टेकतात तेव्हा बेसला वाचवतो तो १० किलोओहम. तो नसेल तर बॅटरीचा सगळा करंट बेसमध्ये घुसेल आणि ट्रान्झिस्टर गेला म्हणून समजा. १०० किलोओहमचं काम वेगळं: हवेतल्या दमटपणामुळे बेसकडे झिरपणारा नको असलेला करंट तो एमिटरकडे वळवतो. कोरड्या गावात तो नसला तरी एक वेळ चालेल. जूनपासून पुढे मुंबईत त्याच्याशिवाय अलार्म मधूनच कुईं करायला लागतो.

आता एका हाताच्या दोन बोटांत दोन्ही टोकं चिमटीत धरा. बोटं कोरडी असतील तर बहुधा काहीच होत नाही, फार तर एलईडी अंधारात बघितला तर किंचित लाल दिसतो. बोटं ओली करा आणि पुन्हा धरा. एलईडी उजळतो, बझर बारीक आवाजात सुरू होतो. चिमटी घट्ट केली की आवाज चढतो, सैल केली की उतरतो. पाच मिनिटं हेच करत बसा, मुलांना करू द्या. बेस करंट आणि कलेक्टर करंट यांचं नातं पुस्तकातल्या आलेखापेक्षा इथे लवकर अंगवळणी पडतं.

मग स्टीलच्या पेल्यात नको, काचेच्या पेल्यात नळाचं पाणी घेऊन टोकं बुडवा. आवाज पडेल वाटला तर चिमूटभर मीठ टाकून फरक बघा. फिल्टरच्या आरओ पाण्यात आवाज मंद येईल, कारण त्यातले क्षार काढलेले असतात. आपलं पालिकेचं पाणी तलावांचं, बोअरवेलच्या पाण्याइतकं क्षारयुक्त नाही, म्हणून परीक्षा घ्यायची ती आपल्याच नळाच्या पाण्याने, मिठाच्या नाही. नळाच्या पाण्यात बझर कुजबुजत असेल तर दुसरा बीसी५४७ जोडा: पहिल्याचा एमिटर दुसऱ्याच्या बेसला, दोघांचे कलेक्टर एकत्र, मायनसला दुसऱ्याचा एमिटर. बेसवरचा १०० किलोओहमही आता पहिल्याच्या बेसपासून थेट मायनसला. या जोडीला डार्लिंग्टन म्हणतात. दोघांच्या गेनचा गुणाकार होतो, २०० गुणिले २००. मात्र संवेदना एवढी वाढते की टाकीच्या झाकणाखालची ओलही त्याला पाणी वाटू शकते. एका ट्रान्झिस्टरवर भागत असेल तर दुसरा लावू नका.

टेस्टचं बटण

पुश बटण दोन्ही मोकळ्या वायरमध्ये, म्हणजे पुढे टाकीत जाणाऱ्या स्क्रूंना समांतर जोडायचं. दाबलं की सर्किटला वाटतं पाणी आलं. नळ सोडायच्या आधी रोज एकदा दाबायचं: वाजलं तर बॅटरी, ट्रान्झिस्टर, बझर ठीक. आवाज घोगरा किंवा बारीक झाला असेल तर बॅटरी बदलायची वेळ झाली. वाजत असताना बॅटरीवर ७ व्होल्टच्या खाली दिसत असेल तर मी ती बदलतोच.

स्लाइड स्विच बॅटरीच्या प्लस वायरमध्ये लावा. टाकी भरल्यावर पाणी खाली जाईपर्यंत तो वाजतच राहील, त्यामुळे बंद करण्याची सोय लागतेच. पण बंद केलेला स्विच उद्या पुन्हा चालू करायला माणूस विसरतो. म्हणून सर्किट एका डब्यात बसवून तो डबा नळाच्या कॉकशेजारीच लावा, कॉक सोडताना स्विच आणि टेस्ट दोन्ही हाताशी येतात.

सोल्डरिंग

ब्रेडबोर्डवर वाजलेलं सर्किट आता झिरो पीसीबीवर पक्कं करायचं. २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न पुरतं. टोक आधी तापवून ओल्या स्पंजवर पुसा, त्याला किंचित सोल्डर लावून चमक आणा. मग टोक पाय आणि पॅड (बोर्डावरची तांब्याची टिकली) या दोघांना एकदम टेकवा, एक-दोन सेकंदांनी सोल्डर जोडाला लावा, टोकाला नव्हे. जोड चकचकीत आणि पायाला बिलगलेला दिसला पाहिजे. मातकट गोळा दिसला तर तो जोड कच्चा. ट्रान्झिस्टरच्या पायावर तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त वेळ आयर्न धरू नका.

नेहमीच्या सोल्डरमध्ये शिसं असतं. खिडकी उघडी ठेवा, धूर तोंडावर घेऊ नका, काम झालं की साबणाने हात धुवा, मगच खाणं.

१०४ चा कपॅसिटर बेस आणि एमिटरमध्ये लावा. टाकीपर्यंतची वायर लांब असेल आणि घरातल्या लाइटच्या वायरिंगशेजारून जात असेल तर ती ५० हर्ट्झची गुणगुण उचलते. कपॅसिटर ती गिळतो. सगळं वाजून बघितल्यावर जोडांच्या बाजूला नेलपॉलिशचा पातळ हात द्या. समुद्राजवळच्या खाऱ्या दमट हवेत उघडे जोड लवकर हिरवे पडतात.

टाकीतली बाजू

इथेच सगळ्यात जास्त अलार्म फसतात. तांब्याच्या उघड्या तारा पाण्यात सोडायच्या नाहीत. करंट वाहिला की प्लसच्या बाजूचं तांबं पाण्यात विरघळायला लागतं, तार हिरवी-काळी पडते. सोल्डरचा जोड तर पाण्यात नकोच, त्यातलं शिसं घरच्या पाण्यात कशाला? स्टेनलेस स्टीलचे दोन लांब स्क्रू घ्या. स्टेनलेसला साधं सोल्डर चिकटत नाही, त्यामुळे वायरला रिंगचं लग (टोकाला बसणारी धातूची कडी) लावून ते नट आणि वॉशरखाली घट्ट आवळा.

स्क्रू प्लॅस्टिकच्या पट्टीत दोन सेंटीमीटर अंतरावर बसवा, टोकं खाली. नट आणि वायरचा जोड पट्टीच्या वर, म्हणजे पाण्याबाहेर राहील. दोन्ही स्क्रूंच्या मध्ये पट्टीला एक आरपार फट कापा. ही फट लोक गाळतात, आणि मग पट्टीवर बसलेल्या ओलीच्या थरातून करंट जाऊन पाणी उतरल्यावरही बझर वाजत राहतो. पट्टी टाकीच्या काठाला अशी बांधा की स्क्रूची टोकं ओव्हरफ्लो पाइपच्या चार बोटं खाली येतील. चार बोटं म्हणजे कॉकपर्यंत पोहोचायला वेळ मिळतो.

टेस्टचं बटण डब्यावर आहे, त्यामुळे ते टाकीपर्यंतची वायर तपासत नाही. वायर मध्येच उंदराने कुरतडली असेल तर बटण खुशाल वाजेल आणि टाकी खुशाल वाहील. म्हणून महिन्यातून एकदा स्टुलावर चढून ओलं फडकं दोन्ही स्क्रूंना टेकवायचं. त्याच वेळी स्क्रूवरचा पांढरा थर घासून काढायचा.

वाजत नसेल तर

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी पिन मायनसला, टेस्ट बटण दाबून धरा. एकट्या ट्रान्झिस्टरच्या बेसवर ०.७ व्होल्टच्या आसपास आणि कलेक्टरवर अर्ध्या व्होल्टहून कमी दिसायला हवं. दोन्ही बरोबर असून आवाज नाही, तर बझर उलटा लागलाय किंवा पॅसिव्ह आहे. बेसवर शून्य, तर १० किलोओहमच्या वाटेत कुठेतरी जोड कच्चा आहे. बेसवर कित्येक व्होल्ट दिसले, तर एमिटर मायनसला पोहोचत नाही, नाहीतर ट्रान्झिस्टर आतून तुटलाय. बेसवर ०.७ पण कलेक्टरवर जवळजवळ पूर्ण ९, तर बहुधा ट्रान्झिस्टरचे पाय उलटे लागलेत.

तुटलेली वायर स्वतःच सांगेल असं सर्किट

टाकीचा अलार्म नीट चालायला लागला की त्याच सामानातून दाराचा करा, कारण वायर तुटल्याचा प्रश्न त्यात उलटा सुटतो. दाराच्या चौकटीवर रीड स्विच, दारावर चुंबक. दार बंद असताना चुंबक स्विचला मिटवून ठेवतो. प्लसपासून बेसला ४७ किलोओहम कायम जोडा, आणि रीड स्विच बेस व एमिटरमध्ये. दार बंद असेपर्यंत बेसकडे आलेला करंट स्विचमधून एमिटरकडे निघून जातो, ट्रान्झिस्टर बंद. दार उघडलं की ती वाट तुटते आणि बझर वाजतो. वायर कापली तरीही वाजतो.

याची किंमत बॅटरी मोजते. ९ व्होल्टला ४७ किलोओहमने भागलं तर ०.१९ मिलिअँपिअर दिवसरात्र जात राहतात. साध्या चौकोनी बॅटरीची क्षमता ४०० मिलिअँपिअर-तास धरली तर साधारण २१०० तास, म्हणजे तीन महिन्यांच्या आत ती संपते. बॅटरी संपल्यावर हाही गप्पच बसतो, त्यामुळे टेस्ट इथेही रोजची: दार उघडा आणि ऐका.

या सर्किटमध्ये दार पुन्हा लावलं की आवाज थांबतो. एकदा वाजला की वाजतच राहायला हवा असेल तर ट्रान्झिस्टरच्या जागी एससीआर लागतो (एकदा चालू झाला की करंट तुटेपर्यंत चालूच राहणारा भाग), आणि तिथे एलईडीची समांतर वाट सोडायची नाही. काही बझरचा करंट आतून सारखा तुटत-जुळत असतो. एलईडीतून अखंड जाणारे काही मिलिअँपिअर नसतील तर एससीआर धरून ठेवलेली अवस्था सोडून देतो. त्यासाठी १ किलोओहमऐवजी ४७० ओहम लावा, म्हणजे एलईडीतून १० मिलिअँपिअरच्या वर जातील.